सगळीकडे सारखी हवा

१२ मार्च

आलो एकदाचा. चौसाळ्याच्या फाट्यावर उतरलो तेव्हा असं ऊन होतं, की पिशवीतला ब्रेड पुन्हा भाजून निघाला असेल. पण पॉलीहाऊसचे मालक विजयसिंहदादा यांची गाडी न्यायला आली होती, गाडीत गार पाणी होतं, आणि दादांनी स्वतः दार उघडलं. इतका मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता.

पॉलीहाऊस बघून जीव हरखला. एकरभर पसरलंय, वरचा कागद नवा कोरा, आत लाल-पिवळी ढोबळी मिरची. शेजारीच आमची खोली. आमची म्हणजे माझी आणि सायलीची. लग्न झाल्यापासून ती सांगलीला आणि मी नोकरी नेईल तिकडे. आता इथे एकत्र राहायचं. तिनं निघताना एकच बजावलं, की रविराज, या वेळी तोंड बंद ठेव आणि टिकून राहा. ठेवतो बाई.

१४ मार्च

दादांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. आतली हवा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी पाहिजे. एका बाजूला दमट आणि दुसऱ्या बाजूला कोरडी झाली, की माल एकसारखा येत नाही आणि व्यापारी नाक मुरडतो. हे काम माझ्यासाठीच जन्माला आलंय. मला ताटातला भातसुद्धा एका बाजूला ढीग करून वाढलेला चालत नाही.

जागोजागी हवेतला ओलावा मोजणारे मीटर टांगले. पडदे, पंखे, पाण्याचं धुकं सोडणारे फॉगर, सगळं जुळवलं. सगळीकडे आकडे जवळपास आले. फक्त ईशान्येचा कोपरा ऐकत नाही. तिथे कायम दमट. पानांवर बुरशीही दिसली. वाफ्यांचं काम सारजाबाई बघतात. त्यांच्या घरची मेंढरं शेजारच्या माळावर चरतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, तो कोपरा तसाच ऱ्हातो, त्याच्या नादी लागू नगा.

१७ मार्च

कोपऱ्याचं बिंग फुटलं. शेवटच्या वाफ्यामागे जमिनीतून वीतभर वर आलेला एक पोकळ कळक, म्हणजे बांबू, सापडला. त्यावर तळहात धरला तर ओली, कोमट हवा लागली. थांबली. पुन्हा लागली. शेवाळाचा वास होता तिला.

सारजाबाईंनी मग सांगितलं. इथे जुनी विहीर होती, त्यांची मेंढरं तिथेच पाणी प्यायची. पॉलीहाऊस बांधताना दादांनी ती जेसीबीनं बुजवली. सारजाबाईंचे सासरे म्हाळू यांनी मुरूम पडायच्या आधी तिच्यात हा कळक उभा केला. त्यांच्यात तशी रीतच आहे. विहीर बुजवली म्हणून मरत न्हाई सायेब, त्या म्हणाल्या, तिला दम घ्यायला एक तोंड ठिवावं लागतं, न्हाई ठिवलं तर ती सोता हुडकती.

मी हसलो. भरावात पोकळी राहिली की हवा आत-बाहेर होणारच. त्यात काय एवढं.

१८ मार्च

कळक जमिनीबरोबर कापला आणि भोकात सिमेंट भरलं. सारजाबाईंनी खुरपं खाली ठेवलं आणि निघून गेल्या. जाऊ देत. रुसवे काढायला मला वेळ नाही.

१९ मार्च

जमलं! सगळे मीटर सारखे. मी फोटो काढून दादांना पाठवले. त्यांचा लगेच फोन आला, की लई भारी काम केलंत. रविवारी ते मोठ्या व्यापाऱ्यांना घेऊन येणार आहेत. मी सायलीलाही रविवारीच यायला सांगितलं. ती इतकी खूश झाली, की मलाच रडू आलं.

२१ मार्च

हवा सारखी आहे. जरा जास्तच सारखी आहे.

भर दुपारी बघावं म्हणून पडदे उघडून पंखे, फॉगर बंद केले. बाहेर अंग भाजत होतं. आकडे पळायला हवे होते, ते जागचे हलले नाहीत. कोपऱ्यातल्या कळकाला हात लावला तेव्हा जशी हवा लागली होती, तशी आता सगळीकडे आहे. शेवाळाचा वासही.

आणि वरचा कागद फुगतो, मग खाली बसतो. बाहेर पान हलत नाही. बराच वेळ बघत उभा राहिलो. मग लक्षात आलं, की माझी छातीही त्याच्याच तालावर वर-खाली होतेय.

२२ मार्च

मी श्वास रोखला. कागद थांबला.

सोडला. कागद खाली बसला.

बाहेर पळालो, तर बाहेर दम पुरेना. मला भीती वाटते आहे. लिहून ठेवतो, सरळ भीती वाटते आहे.

सारजाबाई नवा कळक घेऊन फाटकापाशी आल्या, आत यायला तयार नाहीत. आजच सिमेंट फोडा आणि हा उभा करा म्हणाल्या, आणि कळक फाटकाला टेकवून गेल्या. दादांना फोन केला. ते म्हणाले, उद्या पाव्हणे येऊन जाऊ द्या, मग काय ते करा, आत्ता काहीच हलवायचं न्हाई. सायलीला म्हटलं येऊ नकोस. ती हसली. एसटीत बसलेय म्हणाली.

एका दिवसानं काय होतं. उद्या व्यापारी गेले, की लगेच फोडतो. नोकरी टिकवायची आहे.

२३ मार्च

सायली सकाळीच आली. व्यापारी खूश, दादांनी पाठीवर थाप मारली.

मी त्यांच्या मागे-मागे होतो. तेवढ्यात सायली एकटीच आत गेली. सगळे गेल्यावर बघतो, तर ती ईशान्येच्या कोपऱ्यात बसलेली. सिमेंटवरच. म्हणाली, इथे किती बरं वाटतं. जेवायला हाक मारली, भूक नाही म्हणाली. हात धरून उठवलं. उठेना. एवढीशी सायली, जागची हलेना. ती त्यावरच बसलेली, सिमेंटवर पहार मारवेना.

२४ मार्च

कागद थांबलाय. माझा श्वास मोकळा झालाय. मीटर पुन्हा पहिल्यासारखे — सगळीकडे कोरडे, फक्त कोपरा दमट. आधी मला आनंद झाला —

मग मीटर तिच्या ओठांजवळ धरला.

कोपऱ्याचा जुना आकडा. ओली, कोमट हवा. येते, थांबते, येते. शेवाळाचा वास. तिची छाती हलत नाही. अजिबात हलत नाही —

दुपार

पहारीनं तिच्या कडेकडेनं सिमेंट फोडलं. सारजाबाईंचा कळक आत घातला. वर हात धरून बसलो.

काही येत नाही. विहिरीला आता त्याची गरजच —

माझं चुकलं, सायली. एक दिवस थांबलो.

नंतर

ती बोलली. तिचाच आवाज, पण खूप खालून. माझा हात धरलाय. सुटत नाही, दुसऱ्या हातानं लिहितोय. कागद पुन्हा फुगतोय.

म्हणते, एवढ्या मोठ्या विहिरीला एका तोंडानं दम पुरत नाही रे. म्हणते, तूही जवळ बस. तोंड बंद नको ठेवूस, रविराज, तोंड उघ