कोट धरणारा

४ फेब्रुवारी

फुली. फुली. फुली. सकाळी चार, दुपारी पाच — नऊच्या नऊ जणांवर फुली! शेवटी कास्टिंगबाई म्हणाली, "काका, एखाद्याला तरी नीट बघा हो." बघतोय की! अंक बंद पडेपर्यंत एकोणीस वर्षं दर आठवड्याला तोच चेहरा काढलाय मी. मला किती वेळ लागणार?

करारात मी एकच अट हट्टाने घालून घेतली होती. माझ्या कॉमिकच्या वीराचं, निखाऱ्याचं, काम सिनेमात कोण करणार, ते माझ्या संमतीशिवाय ठरवायचं नाही. बाकी सिनेमात काय वाटेल तो धुडगूस घाला. इतर कॉमिकवाल्यांचं बरं असतं, त्यांच्या वीरांना मुखवटे. हनुवटी बरी असली की कुणालाही उभं करा. निखारा उघड्या तोंडाने आगीत शिरतो. आणि ते तोंड माझ्या दादाचं आहे. ते या लोकांना मी सांगितलेलं नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे.

ऑडिशनची खोली म्हणजे वरच्या मजल्यावरचं एक रिकामं ऑफिस. आग म्हणजे तीन पिवळे दिवे आणि एक टेबलफॅन. प्रत्येकाला एकच प्रसंग — अंगातला कोट काढायचा, धाकट्या भावाच्या हातात द्यायचा, "हा धर. आलोच," म्हणायचं आणि दिव्यांकडे चालत जायचं. धाकट्याच्या जागी दिवेवाला उभा राहतो.

कुणी गर्जना करतो, कुणी डोळ्यांत पाणी आणतो. सात नंबरने तर कहर केला. एका जागी उभा राहील तर शपथ! कान खाजवतो काय, दिवेवाल्याला "चटका बसत नाही ना हो?" विचारतो काय. आणि वाक्य असं टाकलं, जणू कोपऱ्यावरून काडेपेटी आणायला निघालाय. अर्धा वळलेला, तोंड भलतीकडे. वीर माणूस असं बोलतो होय? सगळ्यात मोठी फुली त्याला.

५ फेब्रुवारी

आज सहा. सहा फुल्या. पाठ धरली.

७ फेब्रुवारी

पुतणी संध्याकाळी वर आली. "काका, मिळाले का बाबा?" हसत विचारते, पण विचारते रोज.

चव्वेचाळीस वर्षांची झाली. दादा गेला तेव्हा तिला यायला चार महिने होते. दादाचा धड एक फोटो नाही घरात. लग्नाचा आहे, त्यात नेमकी मान हलवली गड्याने — वहिनी अगदी स्पष्ट, आणि शेजारी शर्टावर एक पुसट धब्बा. कारखान्याच्या ओळखपत्रावर एक होता, तो त्याच्या खिशातच गेला. म्हणून या पोरीने बाप पाहिला तो माझ्या चौकटींत. शाळेत वडिलांचा फोटो आणा म्हणाले, तर ही निखाऱ्याचा अंक घेऊन गेली! बाईंनी परत पाठवली. रडून घर डोक्यावर घेतलं होतं.

मी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, या चेहऱ्यात एक रेघही चुकू द्यायची नाही. आता तो पडद्यावर हलणार, बोलणार. ती पहिल्यांदा बापाला चालताना बघणार. मग मी फुल्या मारणार नाही तर काय करणार? कास्टिंगबाईने कपाळाला हात लावला तरी चालेल.

८ फेब्रुवारी

कास्टिंगबाईने जेवताना विचारलं, "धाकट्या भावासाठी कसा माणूस हवा?" म्हटलं, कुणीही चालेल. त्याला काय करायचंय? कोट धरून उभं राहायचं.

ती म्हणाली, "काका, धाकट्यावर तुमचा एवढा का राग?"

मी जेवत राहिलो. तिला काय सांगू? कारखान्याच्या गोदामाला आग लागली तेव्हा मी दादाचा डबा घेऊन फाटकात पोचलो होतो. बावीस वर्षांचा होतो, धडधाकट. त्याने दोघांना ओढून बाहेर आणलं होतं. तिसरा आत होता. कोट काढून माझ्या हातात दिला. "हा धर. आलोच." मी धरला. चांगला घट्ट धरला! एका हातात डबा, एका हातात कोट, आणि पाय जागचे हलले नाहीत. कुणी मला अडवलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षांत कुणी बोलूनही दाखवलं नाही.

बोललं असतं तर बरं झालं असतं.

११ फेब्रुवारी

सापडला!!

बावीस नंबर. दार उघडून आत आला आणि माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. तेच नाक, तीच डावी भुवई किंचित वर. कोट काढून दिला तेव्हा मीच तो धरायला हात पुढे केला. कास्टिंगबाईने पाणी आणून दिलं. "काका, सही?" केली. तिथल्या तिथे.

एकोणीस वर्षांत मी एक रेघ चुकलो नाही, हे आज कळलं. दादा, उद्या वहिनींना दाखवतो तुला.

१२ फेब्रुवारी

काय लिहू.

पुतणीने लॅपटॉप आणला. कास्टिंगबाईने सगळ्या ऑडिशन पाठवल्या होत्या. बावीस नंबर लागला आणि पुतणीने तोंडावर हात ठेवला. "बाबा," म्हणाली. मी वहिनींकडे बघत होतो. वहिनी चष्मा पुसून पुन्हा बघत होत्या. कितीतरी वेळ.

"देखणा आहे," म्हणाल्या. "पण भावजी, हे तुम्ही आहात."

मला वाटलं, थट्टा करताहेत.

"तुम्ही. त्या वयातले. हे नाक तुमचं, ही भुवई तुमची. यांचं नाक जरा वाकडं होतं, पडले होते ना लहानपणी. आणि कान हे असे बाहेर. तुम्हाला आठवत नाही?"

नाही आठवत! त्यांनी सांगितलं तरी डोळ्यांपुढे येईना. नाक म्हटलं की निखाऱ्याचं नाक येतं, कान म्हटलं की निखाऱ्याचा कान. दादा कुठे गेला?

माझ्या टेबलासमोर खिळ्याला आरसा आहे. सगळे चित्रकार ठेवतात. राग काढायचा तर आरशात रागवायचं, ओरडणं काढायचं तर तोंड वासायचं आणि उतरवून घ्यायचं. एकोणीस वर्षं मी त्यात बघून दादा काढत होतो.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. वहिनींवर कधी चढत नाही.

"आधी वाटलं, तुम्हाला ठाऊकच असणार. तुम्हाला आत जायचं होतं, म्हणून काढता तसं." अगदी साधेपणाने म्हणाल्या. "मग ही अंक उशाशी घेऊन झोपायला लागली. तिला काय सांगायचं होतं — हे तुझे बाबा नव्हेत, काका आहेत?"

पुतणी तिथेच बसली होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

लॅपटॉप चालूच होता, ऑडिशन संपून आपोआप पुन्हा पहिल्यापासून लागत होत्या. कुणीच बघत नव्हतं. मध्येच आवाज आला — "हा धर. आलोच." काडेपेटी आणायला निघाल्यासारखा. वहिनींनी गर्रकन मान वळवली.

"अगं बाई!"

सात नंबर. कान खाजवत होता.

"असंच!" वहिनी हसत होत्या आणि डोळे भरून वाहत होते. "दुकानात जायचे तरी असंच म्हणायचे. दाराकडे तोंड करून. परत लाव ग. परत लाव ते."

पाच वेळा लावलं. पुतणीने एकदाही मान वर केली नाही. मग उठून आत गेली.

१३ फेब्रुवारी

आरसा काढला. खिळा राहिलाय.

१५ फेब्रुवारी

कास्टिंगबाईकडे गेलो. सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. म्हटलं, बावीस नको, सात द्या.

तिने माझा हात धरून ठेवला होता. पण म्हणाली, "काका, तुमची सही झाली, त्याचा करार झाला. आणि खरं सांगू? लोकांना तुमच्या चित्रातला निखारा हवाय. तुमचे भाऊ कसे दिसायचे ते कुणाला ठाऊक आहे?"

बरोबर आहे तिचं. एकट्या वहिनींना ठाऊक आहे. मला वाटायचं, मलाही आहे.

आत गेला दादा, बाहेर उभा राहिलो मी. आणि नंतर नऊशेहून जास्त अंकांत मी माझंच थोबाड आगीत पाठवत राहिलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरीने त्याला बाबा म्हटलं. याला चोरी म्हणायचं की काय म्हणायचं? आत्ता लिहितानाही तोंडावर गरम झळ येते.

पुतणी तीन दिवस वर आलेली नाही. खालून तिच्या चपलांचा आवाज येतो तेवढाच.

१७ फेब्रुवारी

पुतणी आली. वहिनींना हाताला धरून जिना चढवून आणलं. खुर्ची ओढून त्यांना बसवलं, माझ्यापुढे कोरा कागद ठेवला, पेन्सिलीला टोकही स्वतःच काढलं.

"आई सांगेल तसं काढा. तुमचं डोकं चालवू नका."

नाक वाकडं — "एवढं नाही हो, जरासं." कान बाहेर. कपाळ लहान. वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला — हे मी कधीच काढलं नव्हतं, वीराचे दात कोण वाकडे काढतो! आठ कागद फुकट गेले. पुतणी खोडरबराचा चुरा झटकत राहिली. नववा कागद वहिनींनी माझ्या हाताखालून ओढूनच घेतला.  पदराने कडेचा पेन्सिलीचा डाग पुसला.

मला ओळखू आला नाही तो. माणूस चांगला वाटला, पण ओळखू आला नाही. पुतणी बराच वेळ बघत होती. "माझे कान बाबांवर गेलेत," म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "काका, अंक मी फेकलेले नाहीत हं. आहेत ट्रंकेत."

मी हमसून हमसून रडलो. सदुसष्टाव्या वर्षी! तिने पाठीवर हात ठेवला.

जाताना वहिनींनी दारात विचारलं, "तो चुळबुळ्या पोरगा, त्याला दुसरं काहीच काम नाही का त्या सिनेमात?"

२० फेब्रुवारी

कास्टिंगबाईला फोन केला. धाकट्याची जागा अजून रिकामी आहे. म्हटलं, सात नंबरला द्या. ती म्हणाली, "खुशाल. पण त्याला करायचंय काय? नुसता कोट धरून बाहेर उभा राहणार."

म्हटलं, तेवढंच करू दे. या खेपेला आत मी जातो.