उजवीकडची जागा

ती. भाऊजी,

तुमच्या मॅनेजरनं आणलेल्या संमतीच्या कागदावर मी सही करणार नाही. ह्यांची कबर चर्चच्या आवारातून उचलून घराण्याच्या संगमरवरी कबरींत न्यायची नाही. यंत्रांवर लहान मुलं नकोत म्हणून आपल्याच गिरणीविरुद्ध खटला लढलेला हा वकील, मेल्यावर मालकांच्या रांगेत कशाला?

हे तुम्हाला ठणकावून लिहायचं म्हणून सकाळपासून कागद फाडत होते. घरात बसवेना, तशी चर्चच्या आवारात गेले. तर तिथं तुम्ही! अंत्यविधीला न आलेले तुम्ही, टोपी काढून ह्यांच्या कबरीच्या दगडाशी भांडत होतात. मी भिंतीआड थबकले.

"खटला जिंकलास ना? मग आता तरी घरी चल की रे," तुम्ही म्हणालात. "जेवताना माझ्याशी वाद घालायला कुणी उरलं नाही."

मग गुडघे टेकून तुम्ही दगडावरचं शेवाळ नखांनी खरवडलंत. मला धड रागही धरता येईना.

सही मात्र नाहीच. ह्यांच्या डावीकडची जागा माझी आहे. उजवीकडची रिकामी होती, ती येता येता फादरना तुमच्यासाठी राखून ठेवायला सांगितली.

"त्यांना विचारलंत का?" फादर म्हणाले.

धडधाकट माणसाला हे विचारायचं तरी कसं? पत्रातून तर मुळीच नको. हाही कागद फाडते आणि तशीच चपला सरकवून तुमच्याकडे येते. वाद घालायचाच आहे ना, मग दार उघडा म्हणजे झालं.

तुमची,
धाकटी भावजय