दोन्ही पाकिटांत राजाची पिसं

गुरुवार, १२ मार्च १९९८, इस्लामपूर

करू नये ते केलंय मी. मामाच्या लव्हबर्डच्या जोडीत नर कुठला, मादी कुठली, बघून कळत न्हाई. म्हणून मामानं दोघांची पिसं तपासायला विलायतेला धाडली. पिसं उपटायचं काम माझं. राजा गरीब, गप बसला. राणीनं बोट फोडलं. मग दोन्ही पाकिटांत राजाचीच पिसं घातली. म्हटलं, कोण बघतंय?

परवा कागद आला, दोन्ही नर. मामा म्हणाला, "राणी साताऱ्याच्या पाव्हण्याला देतो आन बदली मादी आणतो." उद्या सकाळच्या यष्टीनं जाणार हुता.

आन आज सांजच्याला राणीनं मडक्यात अंडं घातलं. पयलं मलाच दिसलं. लपवलं तर राणी जाणार, पण मी सुटणार. खिशात बी घातलं. कोमट हुतं, लय बारकं. न्हाई जमलं. परत ठेवलं आन मामाला हाक मारली.

मामा आधी हरखला, मग तापला. "एवढी शिकलेली माणसं, अंडं घालणारीला बाप्या म्हणत्यात व्हय?" मास्तरांकडनं इंग्रजीत खरमरीत पत्र लिहून घेतलंय. टपालात टाकायला माझ्याच हातात दिलंय. वर म्हणतोय, "बोटावर वण कसला रं?"

"सायकलच्या साखळीत घावलं, मामा."

पत्र टाकू का फाडू? त्या लोकांनी तर बरोबरच सांगितलं हुतं. बोट आता दुखत न्हाई, तरी सारखं त्याच्याकडंच बघतोय.

राणीला समदं ठावं हाय, पण ती बोलत न्हाई. वही वाचणाऱ्या, पाया पडतो, तूबी बोलू नगंस.