जरा ओढाताण आहे

१८ जानेवारी,
रविवार, दुपार

चि. माऊ,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार. गुंडीला गालगुच्चा, दोन्ही गालांना सारखा, नाहीतर भांडेल.

मी ठीक आहे. गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प असतो. पाणी वेळेवर येतं. शेजारच्या मास्तरीणबाईंनी मांजर पाळलंय आणि ते राहतं माझ्याकडे. त्याचं दूध त्या आणून देतात आणि माझ्याकडे संशयाने बघून जातात, जणू मीच अर्धं पितो.

तू म्हणशील, फोन असताना बाबांना पत्राचं कुठून सुचलं. हल्ली फोनवर तू ‘जेवलात का’, ‘गोळी घेतलीत का’ एवढं विचारतेस आणि ‘बरं, ठेवते’ म्हणतेस. पूर्वी तू फोन ठेवायचीस तेव्हा माझा कान तापलेला असायचा. आता गारच राहतो. तू विषय काढत नाहीस, मीही काढत नाही. माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून कागद घेतला.

आधी तुमच्याकडे राहून आलो त्याबद्दल लिहितो. तेवढं लिहायला सोपं आहे.

आलो त्या संध्याकाळी तू एकेका खोलीतला दिवा मालवत बाहेर आलीस आणि आपण सगळे बैठकीतल्या एका दिव्याखाली बसलो. मला वाटलं, इतर खोल्यांतली वीज गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापूंनी टूथपेस्टची संपलेली नळी कात्रीने उभी चिरली आणि आतून पुसून पुसून दोन दिवस चालवली. तू साबणाचे उरलेले पातळ तुकडे एकावर एक दाबून वडी केलीस. ती तीनरंगी झाली. गुंडी मला म्हणाली, “आजोबा, हा साबण दुकानात मिळत नाही हं.” ती हे मोठ्या तोऱ्यात सांगत होती आणि मी मात्र तो साबण हातात घेऊन बघत राहिलो. माझ्या लेकीवर ही वेळ आली, असं वाटलं.

मग शनिवार आला आणि तुमची ती टोपली निघाली. आठवडाभर घरात जे फाटलं, तुटलं, उसवलं, ते सगळं त्यात टाकायचं, आणि शनिवारी संध्याकाळी जमिनीवर पालथी घालून ज्याने त्याने आपल्याला जमेल ते उचलायचं. तू शर्टाची विरलेली कॉलर उसवून उलटी लावत होतीस. जावईबापू छत्रीच्या काडीला तार गुंडाळत होते. गुंडी आपली बटणांची बरणी घेऊन दुकान मांडून बसली होती आणि प्रत्येक बटणाला गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होती. कोपऱ्यातली उशी दाखवून जावईबापू म्हणाले, “बाबा, हिचा मागचा जन्म माझ्या चौकड्याच्या शर्टाचा. पुढच्या जन्मी फरशी पुसायचं फडकं. त्याआधी तिला मोक्ष नाही.” तू हसता हसता बोटाला सुई टोचून घेतलीस आणि त्यावरून तिघे पुन्हा हसलात.

मलाही काम दिलंत. जुन्या वह्यांची कोरी पानं काढून शिवायची. मी बिस्किटांच्या कारखान्यात हयात घालवली, मला कुठली शिवण? माझी वही वाकडी झाली. गुंडी म्हणाली, “चालेल, मी वाकडं लिहीन.” खूप दिवसांनी मी इतका हसलो असेन. तुझी आई गेल्यापासून हसायला कोणी समोर लागतं हेच विसरलो होतो.

तरी मनातली शंका जाईना. एकदा जावईबापूंबरोबर भाजी आणायला निघालो तेव्हा विचारलंच, “काम आहे ना व्यवस्थित?” ते आधी खो खो हसले. मग माझा चेहरा बघून गंभीर झाले. म्हणाले, “बाबा, काम भरपूर आहे. वर्कशॉपवाले दुसरी पाळी कर म्हणून मागे लागलेत. मीच करत नाही. घरात कमी लागलं की मला संध्याकाळी घरी येता येतं. आम्ही दोघांनी बसून ठरवलंय.” आणि लगेच दुधी नखाने टोचून बघायला लागले.

माऊ, त्यावर मी नुसती पिशवी उघडून धरली. तुला आठवत असेल, मी सगळी वर्षं दोन पाळ्या केल्या. घरी यायचो तेव्हा तू झोपलेली असायचीस. उशाशी तुटक्या बिस्किटांची पुडी ठेवायचो आणि वाटायचं, पोरगी सकाळी किती खूश होईल. ती खूश झालेली मी कधी पाहिली नाही, कारण सकाळी मी गेलेलो असायचो. तुमच्याकडे महिनाभर रोज संध्याकाळी मी दारातून जावईबापूंना येताना बघत होतो, गुंडीला त्यांच्या पायाला मिठी मारताना बघत होतो. मला कौतुक वाटत होतं आणि हेवाही वाटत होता. पण त्या घरात मी सुखी होतो, हे नक्की.

आता पुढचं लिहायला हवं. मधे उठून चहा करून आलो, मांजराला हाकललं, पुन्हा बसलो.

तुझ्या मोठ्या काकांना आणि काकूंना तुमच्याविषयी जे कळलं, ते माझ्याकडून कळलं. हे तुला माहीतच आहे. मी परवापर्यंत मनात असं घोकत होतो की तुला सांगावं, माझा गैरसमज झाला, तुमचं राहणं बघून मला वाटलं तुम्ही अडचणीत आहात, म्हाताऱ्याचं डोकं, सोडून दे. हे पत्रही तसंच लिहायला घेतलं होतं. पण वर दुधीचं लिहून गेलो, आता ते कुठे लपवू? गैरसमज नव्हता. मला सगळं माहीत होतं.

झालं असं. तुमच्याकडून आलो आणि दादाने जेवायला बोलावलं, पुतण्याच्या नव्या घरी. जेवणाआधी घर दाखवलं. प्रत्येक खोलीत टीव्ही. भांडी घासायचं यंत्र, कपडे वाळवायचं यंत्र, आणि एक यंत्र कशाचं ते सूनबाईलाही सांगता येईना. दादा माझ्या पुढे पुढे चालत दारं उघडत होता. जेवायला बसलो तेव्हा वहिनींनी विचारलं, “माऊकडे काय नवीन घेतलं?”

मला खरंच तुमची टोपली सांगायची होती. तोंडात आली होती. मी सुरुवातही केली, “दर शनिवारी सगळे बसून जुनंपुराणं दुरुस्त करतात, माऊ कॉलर उलटवते, इतकी मजा...” एवढ्यात वहिनींचा चेहरा पडला. त्या सूनबाईकडे बघून म्हणाल्या, “अगं बाई! कॉलर उलटवतात अजून?” सगळे जेवता जेवता थांबले. मला तुमची लाज वाटली, माऊ. ज्या घरात मी महिनाभर पोट दुखेपर्यंत हसलो, त्या घराची मला तिथे, त्या चकचकीत टेबलाशी लाज वाटली. आणि मी म्हणालो, “काय करणार वहिनी, जरा ओढाताण आहे पोरांची. जावयाचं काम कमी झालंय.”

तुम्ही हे हौसेने करता, असं म्हणालो असतो तर ते हसले असते, आणि मला तुमची बाजू घ्यावी लागली असती. बिचारे म्हटलं की कोणी हसत नाही. वहिनींनी माझ्या ताटात न विचारता वाढलं. दादाने पाठीवर हात ठेवला. सगळं टेबल माझ्याकडे वळलं होतं आणि खरं सांगू, मला ते आवडलं.

त्याच पावली सूनबाईने कपाटं उघडली. नको असलेले कपडे, चादरी, एक जुना मिक्सर, सगळं मोठ्या चादरीत बांधायला काढलं. मी नको म्हणालो नाही. चादरीची टोकं तिला आवळेनात, तेव्हा म्हणालो, आण इकडे. कारखान्यात आयुष्यभर खोकी बांधली. गाठ मी मारली.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण मला ते वहिनींकडून कळलं, आणि त्यांनी ते मोठ्या समाधानाने सांगितलं. दादा आणि वहिनी नेमके शनिवारी संध्याकाळी तुमच्या दारात आले. एकच दिवा, जमिनीवर टोपली उपडी, जावईबापूंच्या हातात सुई. वहिनी म्हणाल्या, “बघवलं नाही भावजी.” त्यांनी गाठोडं पुढे ठेवलं तेव्हा तू विचारलंस, “बाबांनी सांगितलं?” त्या हो म्हणाल्या.  मग तू म्हणालीस, “हो काकू. जरा ओढाताण आहे.” गुंडी मध्येच ओरडली, “आई, आपल्याकडे तर सगळं आहे!” तर तू तिला पाणी आणायला आत पाठवलंस. आणि जावईबापूंनी तुझ्याकडे बघितलं, सुई खाली ठेवली, हात जोडले आणि म्हणाले, “आभारी आहोत.”

वहिनींना वाटलं, लेकरं शरमली. मला कळलं तू काय केलंस. बाप खोटा पडू नये म्हणून तू आपल्या नवऱ्यासमोर, आपल्या पोरीसमोर, आपल्याच घरात गरीब झालीस. जावईबापूंनी त्याला साथ दिली, ज्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, त्यांनी. त्या रात्री मी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दादाकडे गेलो. म्हटलं, दादा, मी खोटं बोललो, त्यांचं उत्तम चाललंय, ते तसे राहतात कारण त्यांना तसं राहायला आवडतं. दादा माझ्याकडे बघून इतकं मायेने हसला की काय सांगू. म्हणाला, “अरे, आपल्यातच आहे ना? झाकतोस कशाला? पोरीने स्वतः कबूल केलं.” मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. त्याने वहिनींना पाणी आणायला सांगितलं. म्हणाला, “धाकटा आधीपासून मानी आहे.” तुझ्या एका शब्दापुढे माझ्या शंभर शब्दांना किंमत उरली नाही, आणि ते बरोबरच आहे.

हे मी तुला न सांगता मनात जिरवलं असतं. इतका भित्रा मी आहे. पण काल दादाचा फोन आला. त्याच्या ओळखीचा एक कारखानदार आहे. त्याच्याकडे जावईबापूंसाठी जागा बघितली आहे, दोन पाळ्यांची, घरी यायला उशीर होईल पण ‘पोरांचे दिवस पालटतील’. येत्या शनिवारी दादा त्या गृहस्थांना घेऊन तुमच्याकडे येणार आहे. मोठ्या मनाने येतोय तो. आणि मला तुम्हा दोघांची भीती वाटते. माझ्या एका वाक्यासाठी तुम्ही हात जोडलेत. कोण जाणे, माझ्या शब्दाखातर ही नोकरीही धराल, आणि गुंडी रोज दाराकडे बघत झोपेल.

म्हणून मीही येतोय. दादाच्याच गाडीतून येईन. आल्यावर दादासमोर आणि त्या गृहस्थांसमोर बोलीनच, पण माझ्यावर आता कोणाचा विश्वास नाही, हे वर लिहिलंच आहे. तेव्हा बोलायचं तुला आहे. दादा विचारेल, तेव्हा सरळ सांग की बाबा खोटं बोलले. माझ्याकडे बघू नकोस. मी मान खाली घालीन, घालू दे. जावईबापूंना सांग, या वेळी हात जोडायचे नाहीत. आणि गुंडी काही ओरडली तर तिला पाणी आणायला पाठवू नकोस. तिला बोलू दे.

माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, मला माहीत आहे, आणि ती सवय तुला मीच लावली असणार. एवढंच मागतो, की शनिवारी एकदा मला भर घरात खोटं पाड. तेवढं केलंस की पुन्हा तुझ्या दारात उभं राहायचं तोंड मला येईल.

तू ज्याला खोटं पडू दिलं नाहीस, तो
तुझा बाबा