नदीत पडलेला ठिपका

मंगळवार, संध्याकाळी सात

तो ठिपका दिवसभर डोक्यातून जात नव्हता. प्राचीन वस्त्यांची आमची यादी उद्या इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली होणार, आणि आईच्या माहेरची जागा नकाशावर भर नदीत! सर्वेक्षणाच्या जुन्या वहीत स्पष्ट लिहिलंय, ‘प्राचीन वस्तीचं टेकाड, गावापासून पूर्वेला अर्धा मैल.’ तीनदा मोजलं. तिन्ही वेळा पाणीच. सर म्हणाले, "आजच्या आज जमत नसेल तर नोंद गाळा." आईचं गाव कसं गाळू?

शेवटी मंडईत तिच्या गाळ्यावर गेले. मेथीच्या जुड्या लावता लावता तिने माझ्या मोबाईलवरच्या नकाशात डोकावून पाहिलं.

"एवढी शिकलीस, पण आईला विचारायला नदीत बुडावं लागलं? अगं, पुरानंतर गाव अलीकडे हललं. जुनं गाव पलीकडच्या काठाला. तिथून मोज. त्या टेकाडाची पांढरी माती आम्ही घराच्या धाब्यावर घालायला आणायचो."

मोजलं. ठिपका नदी ओलांडून थेट टेकाडावर चढला!

घरातली पहिली पदवीधर मी. सगळं वहीतच असतं, असं कधीपासून धरून चालले?

‘माहिती कोणाकडून’ या रकान्यात आईचं नाव लिहिलं.

"खोड ते. चुकलं तर लोक मला बोलतील."

नाही खोडलं.

तेवढ्यात एका गिऱ्हाईकाने जुडी ताजी आहे का, विचारलं. आई म्हणाली, "आजचीच आहे. जुनं हवं असेल तर उद्या इंटरनेटवर आमचं गाव बघा."