पंप जोडून ये

शेलूबाजार
रविवार, १४ सप्टेंबर

धनराज,

'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं दिसत असन. दिसू दे.

घरी सगळे बरे आहेत. मायचे गुडघे होते तसेच. सरिताच्या शिवणकामाले गणपतीपासून गर्दी आहे, घरात ब्लाउजायचा ढीग पडला. पानी यंदा बरं झालं, सोयाबीनच्या शेंगा भरून आल्या. रंगरावकाकाचं शेततळं काठोकाठ आहे. तुह्याकडं वैनी अन् वैभवी मजेत असतीन. झाली खुशाली.

फोन काहून नाही केला मनशीन. केला होता. दर वेळी तू "हॅलो, हॅलो, आवाज कटून राह्यला" मनलं अन् ठेवला. आवाज कटत नव्हता लेका. मी काय बोलणार ते तुले समजलं होतं. चिठ्ठी कटत नाही, मनून चिठ्ठी लिहून राह्यलो. अक्षर कोंबडीनं उकरल्यावानी आहे. ते काहून तसं आहे हे तुले माहीत आहे, तवा त्यावर गहिवरून बसू नको, पुढं वाच.

तुहं रिमोटचं जहाज अजून माह्या पडवीत आहे. पोळा झाल्यावर करीच्या दिवशी आपली लढाई झाली अन् दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीनं तू पुण्याले पळाला. "राहू दे तुह्यापाशी, भोकं बुजवून ठेव," मने. मी बुजवाले घेतलं. आधी आतलं पानी सुकवावं मनून वरची फळी काढली, तर पंपाची वायर बॅटरीपासून सुटलेली. मले वाटलं, हिसक्यानं निघाली असन. मग नीट पाह्यलं. वायरच्या टोकाले काळा टेप गुंडाळला होता, अन् टेपचं शेवटचं टोक दुमडून ठेवलं होतं, पुढच्या वेळी नखानं उचलता यावं मनून.

असा टेप लावणारा एकच माणूस मले माहीत आहे. जगदेवभाऊच्या दुकानात आपण दोघं जळालेल्या मोटारीत तार भराले शिकलो, तवापासून तू तसाच लावतं. भाऊ तुह्यावर किती चिडायचे त्यापायी, आठवते का?

मंजे जहाज पान्यात सोडायच्या आधीच तूनं आपल्या हातानं त्याचा पंप बंद केला होता. भोक पडल्यावर आतलं पानी बाहेर फेकाले पंपच नाही, तर ते जहाज बुडणार नाही तर काय करंन? तू लढाले आलाच नव्हता. तू माह्यासमोर बुडाले आलता. अन् मी येडा, इतके दिवस मिशीले पीळ देत फिरलो!

कोनी सुरू केलं हे? मी? मी तर पडवीत खाटेवर पडून राहत होतो. मागच्या दिवाळीत तूच आला लॅपटॉप घेऊन. मने, पाह्य, पुण्यात आमी काय खेळतो. रिमोटवर चालणारी लढाऊ जहाजं, हात-दीड हात लांब, खऱ्या युद्धनौकेची हुबेहूब नक्कल. पोटात गॅसची नळी, गॅसच्या दाबानं छर्रे सुटतात, समोरच्याच्या बाजूले भोकं पाडतात, जो बुडला तो हरला. मी मनलो, पोरखेळ आहे. तूनं पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा मी उठून बसलो. सरिता अजून मनते, त्या दिवशी यायनं सोताहून चहा मागतला.

जहाज कोणतं घ्यायचं यावर आपण किती भांडलो! मले ते लांबच लांब पाहिजे होतं, तोफाच तोफा असलेलं. तू फोनवर खेकसला, "पयलंच जहाज आहे बे तुहं. लांब घेशीन तर शेततळ्यात वळणार नाही, लहान घेशीन तर एका भोकात आडवं होईन. बुटकं घे, रुंद घे, हळू चालणारं घे. एकच तोफ लाव. आधी तरंगाले शिक, मारणं मंग पाहू." बरोबर होतं तुहं. तवा तू मले शिकवून राह्यला होता, सांभाळून नाही. मले दोन्हीतला फरक समजते, धनराज. मागच्या दोन सालात सांभाळणारे मी गंज पाह्यले, मोजता येणार नाहीत इतके.

मंग मी इंग्रजायची शंभर वर्षांमागची एक ढेरपोटी युद्धनौका निवडली. तिचा नकाशा कारंज्याहून तुकड्या-तुकड्यानं झेरॉक्स करून आणला. प्लायवूडच्या फासळ्या कापल्या. फासळ्यायवर तू पाठवलेलं ते बाल्साचं लाकूड, कापसावानी हलकं, छर्रा लागला की आरपार. बॅटरी घरच्या फवारणी पंपाची टाकली, जड, पन घरात होती मनून. ढोराच्या हौदात सोडलं, तर गपकन तळाशी! तू फोनवर हसून हसून खोकलाले लागला अन् मी तुले आईवरून शिव्या देल्या. भल्लं बरं वाटलं होतं मले त्या दिवशी. गंज दिवसात माह्यावर कोनी तसं हसलं नव्हतं.

तू येऊन पाह्यलं नाही ते मी कसं बनवलं. आता सांगतो, ऐक. फासळी पायाच्या अंगठ्यात धरून करवत चालवली. वायर दाढेखाली दाबून कथलाचा डाग देला, ओठ दोनदा पोळले. रिमोटले दोन दांड्या असतात, त्याले दोन हात लागतात. एका हातानं जहाज वळवू का तोफ मारू? पंधरा दिवस डोकं खाजवलं. मंग एक दिवस सरिता मशीनवर बसली होती अन् माही नजर तिच्या पायाकडं गेली. मशीनच्या मोटारीचं पायडल! ते काढलं, त्याची वायर रिमोटच्या तोफेच्या बटनाले जोडली. हातानं वळवायचं, पायानं मारायचं. सरिता आठ दिवस हातानं चाक फिरवून ब्लाउज शिवत होती, अन् एका शब्दानं कुरकुरली नाही. नवं पायडल आलं तवा मने, आता तुमचं जहाज हरलं तर पाहा.

तिले काय सांगू मी आता?

पोळ्याचं तर तुले माहीत आहे. चांद्या अन् मोत्या इकल्यापासून आमच्या दावणीले बैल नाही. जू एका हातानं ठेवता येत नाही. मागच्या पोळ्याले माय दिवसभर घराच्या बाहेर निघाली नव्हती. यंदा मी शिंगाचा उरलेला रंग काढला अन् जहाज रंगवलं, हिरवं अन् लाल, नाव टाकलं 'चांद्या'. पोळ्याच्या आदल्या सांजेले, खांदशेकनीले, मी बाहेरून आलो तर काय! मायनं पळसाच्या पानावर हळद अन् लोणी घेतलं अन् जहाजाच्या दोन्ही बाजूले चोळून राह्यली, बैलाचे खांदे शेकतात तसं. मने, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी डोक्याले हात लावला. "अवं माय, त्याच्यावर आता ठिगळ चिकटन का?" नाहीच चिकटलं. लोण्यानं लाकूड तेलकट झालं, मी सकाळभर राख लावून पुसलं. पन तिच्या तोंडावरचं हसू दोन सालानं पाह्यलं मी.

अन् मंग तू आला. करीच्या दिवशी अख्खं गाव शेततळ्यावर. फवारणीचे चष्मे घालून जगदेवभाऊ शिटी घेऊन उभे. तुहं ते राखाडी, माह्याहून लांब, दोन तोफाचं. पयल्याच फेरीत तू माह्या कडेले आला अन् तुहे छर्रे चांद्याच्या डोक्यावरून गेले. मले वाटलं, पोट्टा पुण्याले राहून नेम इसरला. मी वळवलं, पायडल दाबलं, टक् टक् टक्, तुह्या बाजूले पान्याच्या रेषेवर भोकं. तू पुन्हा आला, पुन्हा वरून मारलं. तुहं जहाज एका अंगाले कललं अन् गेलं खाली, वर नुसता त्याले दोरीनं बांधलेला, बुडालं की ओढून काढाचा नारंगी गोळा तरंगत राह्यला. डफडं वाजलं. लोकायनं मले खांद्यावर घेतलं, गुलाल टाकला. ज्या रंगरावकाकानं मले मागच्या साली तोंडावर मनलं होतं, "आता तूनं बसून राहाचं," ते सोता नाचले. तू काठावर उभा राहून टाळ्या वाजवून राह्यला होता. सगळ्यायहून जोरात.

त्या टाळ्या मले आता झोपू देत नाहीत.

सरिताले एकटीले सांगतलं. ती मने, "भाऊजीनं चांगल्या मनानं केलं असन." मी तिच्यावर असा वरडलो की शेजारची सोजरबाई कुंपनापाशी आली. चांगल्या मनानं केलं मनूनच तर आग होते आंगाची! वाईट मनानं केलं असतं तर तुही कॉलर धरली असती अन् मोकळा झालो असतो.

आता ते बोलतो, जे आपण दोघं बोलत नाही.

त्या दिवशी थ्रेशरवर तू ट्रॅक्टरच्या सीटवर होता. मी पेंढी टाकत होतो. पेंढी अडकली, मी हातानं रेटली, बाही सापडली. मी वरडलो. तू ट्रॅक्टर बंद केला. तुले वाटते तुह्याकडून उशीर झाला. तुह्या तोंडावर लिहिलेलं असते ते, दर वेळी. दवाखान्यात तू माह्याकडं पाह्यलं नाही, उजव्या बाजूच्या चादरीकडं पाहत राह्यला. मंग सहा महिने आलाच नाही. झाला असन उशीर. मी काय तिथं घड्याळ लावून बसलो होतो? पेंढी मी रेटली. बाही माही होती. तुले मी कधी बोललो का? एक शब्द?

नाही बोललो. मले वाटलं, नाही बोललं की तुहं मन हलकं राहीन. अन् तू काय केलं? जहाज बनवून आणलं, तीनशे मैलावरून वाहून आणलं, अन् अख्ख्या गावासमोर माह्या पायाशी बुडवलं. माफी मागतली तूनं, धनराज. माह्या डोक्यावर गुलाल टाकून माफी मागतली, मले न इचारता. त्या थ्रेशरनं माहा हात नेला. तू माही जीत नेली. माह्यापाशी दोन सालात तेवढी एकच गोष्ट अशी होती जी मले कोनी देली नव्हती, मी कमावली होती. ती बी तूच देलेली निघाली!

तर आता ऐक काय करायचं.

तुहं जहाज मी दुरुस्त केलं. भोकं बुजवली, राखाडी रंग मारला. पंपाची वायर बॅटरीले जोडली, अन् नुसती जोडली नाही, जोडावर पक्का डाग देला अन् वरून राळ ओतली. आता ती उपटाची असन तर अख्खं जहाज फोडा लागीन. सोयाबीन घरात आलं की दिवाळीच्या आधी तू इकडं ये. शेततळं तेच, शिटी जगदेवभाऊचीच. भाऊले मी सांगून ठेवलं, दोन्ही जहाजाचे पंप लोकायसमोर चालवून पाहा, पानी बाहेर पडलं की मंगच शिटी वाजवा. काहून, ते इचारत होते. मनलो, धनराज सांगीन.

अन् तू सांगशीन. लढाई सुरू होयाच्या आधी तू काठावर उभा राहून सगळ्यायले सांगशीन की मागच्या डावात तुहा पंप बंद होता. मायसमोर सांगशीन. तिले वाईट वाटन, वाटू दे. मंग तुह्या दोन तोफा अन् माही एक. खालून मार, पान्याच्या रेषेवर मार, जसं मले तूच शिकवलं. मी तुले सोडणार नाही, एवढं ध्यानात ठेव. चांद्याले मी नवा पंप बसवला अन् माहा पाय आता पायडलवर चांगला बसला.

यायचं नसन तर तसं लिही. जहाज एस.टी.च्या पार्सलनं परत येईन, अन् माहा नंबर खोडून टाक. दोस्त मनून तू मले पाहिजे, धनराज, लहानपनापासून पाहिजे. पन माह्या उजव्या बाजूकडं पाहत राहणारी मानसं घरात बम आहेत, अजून एक नको.

मी हरन. कदाचित पयल्याच फेरीत हरन. तुहं जहाज लांब आहे, तुहा नेम खरा आहे, मले माहीत आहे. लोक हसतीन. मीबी हसीन, शिव्या देईन तुले, हौदावर देल्या होत्या तशा. तेवढंच पाहिजे मले.

हात दुखून आला, जो आहे तो. माय आत्ता बाजूले येऊन बसली. कोनाले लिहून राह्यला, मने. मनलो, धनराजले. मने, त्याले माहं आवतन लिही. मी मनलो, अवं ते बैलायले देतात, मानसाले नाही. ती मने, तू लिही.

तर आज आवतन घे. अन् मले बुडवाले ये.

आला तर तुहाच,
भागवत