मशीनच्या नळीतलं फडकं

आप्पा, आधीच सांगते, रागात लिहितेय. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली तरी तुमच्यावरचा राग काही गेला नाही, आणि आज सकाळी तर डोक्यात अशी सणक गेली की हातातली पकड भिंतीवर फेकावीशी वाटली.

दादानं खुटबावचं घर पाडून नवं बांधायला काढलंय, म्हणून आई माझ्याकडे शिरूरला आलीय. पिकअपमधून तिची ट्रंक आली, पाटा आला, आणि मागं चादरीत बांधलेलं ते कपडे धुवायचं मशीन. नोकरी लागल्याच्या पहिल्याच वर्षी मी आईसाठी आणलेलं. चादर काढली तर नवंकोरं! झाकणावरचा स्टिकरसुद्धा कुणी काढलेला नाही. आणि आईचे हात बघायला हवेत तुम्ही. पेरं सुजलेली, तळव्याला भेगा, चटणी वाटताना भेगांत तिखट जातं तेव्हा ती तोंड फिरवते, म्हणजे मला दिसू नये. मशीन झाकून ठेवलं आणि बाई झिजवली. हा काय न्याय झाला हो?

मला ती दिवाळी अजून आठवते. मी भांडगावच्या फाट्यावर उतरले, जीपनं घरी आले, तर आई मोरीत बसून तुमची ग्रीसनं माखलेली पँट दगडावर घासतेय. शेजारी मशीन, त्यावर कण्यांचा डबा. मी विचारलं, हे काय? तर तुम्ही कुणाच्या तरी विहिरीवरच्या मोटारीचं वायडिंग करत बसलेले, मान वर न करता म्हणालात, "त्ये पानी वडत न्हाई. करंगळीएवढी धार येती आन् बंद पडतं. ऱ्हाऊ दे, तुझ्या आईला हातानंच बरं वाटतं." बरं वाटतं! अख्ख्या गावाच्या मोटारी तुम्ही खोलायच्या. विहिरीत उतरून पाइपाच्या तळाशी असलेल्या फुटवालची जाळी साफ करून द्यायची, भरल्या ताटावरून उठून लोकांच्या बांधावर जायचं. आणि घरातल्या एका नळीला हात लावायला तुमचं काय जात होतं? मी तेव्हाच तोंडावर म्हणाले, तुम्हाला आई राबलेलीच आवडते. तुम्ही तार गुंडाळतच राहिलात. मी फराळाला हातही न लावता परत फिरले. त्यानंतर आपण बोललो ते कामापुरतं, आणि दोन वर्षांत तुम्ही गेलात. तुमच्या दहाव्यालासुद्धा माझ्या डोळ्यांत पाणी कमी आणि मशीनवरचा तो डबा जास्त होता.

तर आज रविवार. ठरवलं, हे मशीन मी चालू करणार म्हणजे करणारच. आई दारात पाट टाकून बसली आणि सुरू झाली, "नगं गं, कशाला धडपडतीस, त्ये बाद हाय." मशीन नळाला जोडलं, बटण दाबलं. तीच करंगळीएवढी धार. पाच मिनिटांनी मशीन टूंटूं करून बंद. मग नळाखाली बादली धरली, तर बघता बघता भरली. म्हणजे टाकीचा दोष नाही, नळाचा नाही. जे काही अडतंय ते नळी आणि मशीनच्या मधे. नळ बंद केला, मशीनच्या मागं नळी जिथं बसते तो आटा फिरवून नळी सोडवली आणि आत पकड घातली. तिथं एक बारीक जाळी असते, कचरा आत जाऊ नये म्हणून. जाळी होतीच, पण तिच्यावर घडी घातलेलं एक फडकं बसवलेलं. कालव्याच्या गाळानं वाळून पार खापरीसारखं झालेलं.

फडकं! आपल्याकडं प्रत्येक नळाच्या तोंडाला फडकं बांधायची रीत कुणाची? तुमची. कालवा सुटला की पाणी गढूळ येतं म्हणून मोरीच्या नळाला तुमच्या धोतराचा तुकडा असायचाच. पण तो तुकडा आई दर आठवड्याला सोडून धुवायची. हे मात्र आत कोंबून विसरून गेलात! मी इतकी ओरडले की शेजारीण गॅलरीत आली. म्हटलं, बघ आई, बघ तुझ्या नवऱ्याची करणी. एका फडक्यापायी जन्मभर धुणं बडवलंस.

आईनं ते फडकं माझ्या हातातून घेतलं, बादलीत खळबळलं आणि माझ्यापुढं धरलं. हिरव्यावर पिवळे ठिपके.

"धोतर कुठलं गं बाई, ही तर तुझी कालीजातली वढनी."

दुकानाचा माणूस जोडून गेला, त्यानंतर मीच त्या ओढणीचा तुकडा कापून जाळीवर बसवला होता. मशीनमध्ये गाळ जाऊ नये म्हणून. तुमचंच बघून शिकलेली.

"मग आप्पांनी खोलून का नाही बघितलं?"

"खोलत्यात कसं? तूच दम दिला हुतास न्हवं का, आप्पा, ह्याला हात लावायचा न्हाई, ही तुमची हिरीवरची मोटार न्हाई, वारंटी जाईल म्हून. पाना घिऊन दोनदा मागं जाऊन हुबं ऱ्हायले. म्हनले, लेकीनं नगं म्हनलंय."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कवा? नुसती वरडत हुतीस."

आप्पा, तुम्ही आयुष्यात कुणाचं ऐकलंत हो? दादाचं नाही, डॉक्टरांचं नाही, आईचं तर कधीच नाही. नेमकं माझंच ऐकायचं होतं? आणि ऐकलंत तर ऐकलंत, त्या दिवाळीला एका शब्दानं बोलायचं तरी, की पोरी, तूच नको म्हणालीस. मुकाट मोटारीत तोंड घालून बसलात. आईचे हात गेले त्यात, तुमच्या अभिमानापायी आणि माझ्या दमापायी. माझा वाटा मी घेते, पण तुमचा काही माफ करत नाही.

जाळी जुन्या ब्रशनं घासून बसवली. पाणी धो धो आलं. आई झाकणाच्या काचेतून आपलं लुगडं गरगरताना बघत उभी आहे, मघापासून हलली नाही. हे पत्र घालायला पेटी कुठली, घडी करून आईच्या ट्रंकेत, तिनं जपून ठेवलेल्या तुमच्या पान्यांखाली ठेवीन. एकच सांगायचं राहिलं. तो आटा हातानं फिरतो, आप्पा, पानासुद्धा लागत नाही. त्या दिवाळीला मीही फिरवून बघितला नाही. मला तुमच्याशी भांडायचंच होतं.